डाव्या कानाच्या दोन खाचा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हातारपणी लोक आपल्या लहानपणाबद्दल लिहायला बसले की स्वतःला फार शूर करून घेतात. मला ते जमायचं नाही. ज्या दिवसांबद्दल मी आता लिहितेय, त्या दिवसांत मी दहावीला होते. फोन वाजला तरी धस्स व्हायचं आणि नाही वाजला तर त्याहून जास्त. आजही दुपारी चारच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला की मी आधी पदराला हात पुसते आणि मगच उचलते. नातवंडं हसतात. हसू देत बापडी.

आमचं घर चांद्यात, गावाच्या कडेला. दोन खोल्यांचा स्लॅब आणि त्याच्या तिप्पट मोठा मेंढ्यांचा वाडा, म्हणजे काटेरी कुंपणानं बंद केलेलं आवार. एका अंगाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला शेतं. शेतं दर वर्षी थोडी कमी व्हायची. दिवसभर कुठंतरी इमारतीच्या पायाचे खांब ठोकणारं पायलिंगचं मशीन धप धप करत असायचं आणि त्याच तालावर आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची. आईची भाकरी पातळ, माझी जाड. "ही भाकरी हाय का शेणी गं?" असं म्हणत आबा मात्र माझीच भाकरी आधी उचलायचे. आबा म्हणजे माझे आजोबा, अण्णांचे वडील. बारीक अंगाचे, तोंडानं फटकळ. माणसांशी बोलताना आवाज चढलेला, मेंढ्यांशी बोलताना एकदम खाली. सकाळी कळप बाहेर पडताना पुढं पाटलीण असायची. पाटलीण म्हणजे आमची म्होरकी मेंढी, गळ्यात पितळी घाट, म्हणजे मोठी घंटा, आणि चाल अशी की रस्ता तिच्याच नावावर असावा. आबांशिवाय कुणी हात लावलेलं तिला खपायचं नाही आणि आबांनाही नाही.

आबांची एक रीत होती. ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. चांद्यापासून कासारसाईच्या धरणाच्या काठापर्यंत कळप चरायला न्यायचा, तर वाटेत दहा जणांची जमीन लागायची. कुणाचं शेत, कुणाची विहीर, कुणाचा कंपाउंड मारलेला प्लॉट. आबा त्या प्रत्येकाच्या नावानं कळपात एक मेंढी ठेवायचे. तिच्या कानाला त्या माणसाची खूण असायची. कुणाची एक खाच, कुणाचं भोक, कुणाचं टोक उडवलेलं. मेंढी चरायची आमच्याकडं, सांभाळायचो आम्ही, पण ती त्याची. तिला कोकरू झालं की तो सणाला येऊन बघून जायचा. आणि ज्याची मेंढी कळपात आहे तो कळपाला अडवायचा नाही, आमच्या कुत्र्याला दगड मारायचा नाही, कडक उन्हात विहिरीवर पाणी पाजू द्यायचा. एका नव्या सोसायटीच्या प्लॉटवर बिहारकडचा एक वॉचमन आला होता, भलता कडक. आबांनी आठवडाभर त्याच्या शिव्या खाल्ल्या आणि मग शेळीच्या एका मादी पिल्लाला त्याच्या नावाची खूण केली. दुसऱ्या दिवसापासून तो गेट उघडून उभा! "बाबूजी, मेरी वाली किधर है?" असं विचारायचा. ही रीत पाळताना एकच गोष्ट सांभाळायची असायची. ज्याची त्याची मेंढी विकायची नाही, कापायची नाही, आणि मेली तर त्याच दिवशी जाऊन सांगायचं.

माझे वडील, अण्णा, लष्करात सुभेदार होते. पूल बांधणं आणि सुरुंग काढणं हे त्यांचं काम. त्या वर्षी त्यांची तुकडी समुद्रापलीकडच्या एका लहान देशात शिकवायला गेली होती. देशाचं नाव मी लिहीत नाही. अण्णांनी तसं बजावून ठेवलं होतं आणि ते आता नसले तरी त्यांचा शब्द मी मोडणार नाही. जायच्या आधी जेवताना त्यांनी आबांना समजावून सांगितलं होतं. आपण त्यांच्या सैनिकांना शिकवायचं, रस्ते-पूल करून द्यायचे, आणि त्यांनी आपल्या जहाजांना त्यांच्या बंदरात थांबू द्यायचं, पाणी-डिझेल घेऊ द्यायचं. तिथं किनाऱ्यावरची माणसं आणि आतल्या मुलखातली गुरं-शेळ्या राखणारी माणसं यांचं जुनं वैर होतं. तर दोन्हीकडच्या पोरांना एकाच तुकडीत घालून बरोबर काम करायला लावायचं. एका ताटात जेवलेली पोरं एकमेकांवर गोळी झाडताना दहादा विचार करतील, असा हिशोब. आबांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि म्हणाले, "म्हंजी त्यांची मेंढी आपल्यात आन् आपली त्यांच्यात. मग सरळ सांग की! एवढं सरकारी बोलाया कशापायी लागतंय?" अण्णा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

त्याच देशातला एक कप्तान आधी पुण्याला शिकायला आला होता. इलियास त्याचं नाव. अण्णा त्याला एका रविवारी घरी घेऊन आले. सहा फुटांच्या वर उंची, दारातून येताना वाकला तरी डोकं आपटलंच. मला वाटलं, आता हा आमच्या घोंगडीवर कसा बसणार! पण तो सरळ वाड्यात गेला, पाटलीणीपासून हातभर लांब उभा राहिला आणि हात पुढं न करता तिच्याकडं बघत राहिला. आबा मला कुजबुजले, "ह्यो जनावरं राखलेला मानूस हाय." खरंच, त्याची आई आतल्या मुलखातली, तिच्या माहेरी शेळ्या होत्या. बाप मात्र किनाऱ्यावरचा. त्यानं हुलग्याचं माडगं दोन वाट्या प्यायलं, आणि संध्याकाळी निघताना आबांनी एका काळ्या तोंडाच्या मेंढीच्या डाव्या कानाला दोन खाचा मारल्या. "इलासराव, ही तुमची." मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, सांगू नकोस, कळलं, आमच्याकडंही असंच असतं. मग त्यानं माझा नंबर घेतला. दर दोन-तीन महिन्यांनी मी त्याला त्या मेंढीचा फोटो पाठवायचे. तो अंगठा दाखवायचा.

आणि मग तिकडं भडका उडाला. टीव्हीच्या बातमीत खाली पट्टी धावली, त्या देशात सैन्यातच फूट पडली म्हणून. आमच्या घरात त्या पट्टीशिवाय काही उरलं नाही. अण्णांचा फोन आदल्या दिवसापर्यंत येत होता, तो बंद झाला. आई टीव्हीसमोर चवळी निवडत बसायची आणि निवडलेली चवळी परत न निवडलेल्या ढिगात टाकायची. "काय न्हाई होत. नामा हुशार हाय," असं आबा तिला सांगायचे (अण्णांना ते नामा म्हणायचे) आणि मग वाड्यात जाऊन उगीच कुंपण हलवून बघायचे. मी तर पार गळाठून गेले होते. शाळेतून येताना आमच्या वळणावर पोचले की पाय उचलेनात. अंगणात अनोळखी गाडी उभी असेल का, एवढंच मनात यायचं.

आता माझी चूक. विकायच्या मेंढ्यांच्या पाठीवर आदल्या दिवशी गेरूचा पट्टा ओढायचा, हे माझं काम होतं. आबा काठीनं दाखवायचे, मी पट्टा ओढायची. त्या दिवशी आबा दाखवत होते आणि आतून टीव्हीचा आवाज येत होता. बंदर बंद, परदेशी लोक अडकले, असं काहीतरी ऐकू आलं आणि माझा हात पडला तो शेजारच्या मेंढीवर. कान बघायला हवा होता. मी दाराकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि आबा काही कळतंय का म्हणून पुण्याला लष्कराच्या ऑफिसात गेले. मागं व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि मी त्याला म्हटलं, गेरूवाल्या तेवढ्या घेऊन जा. एवढं म्हणून मी पुन्हा टीव्हीसमोर. संध्याकाळी मीठ चाटवायला वाड्यात गेले. ती काळ्या तोंडाची नेहमी सगळ्यांना ढकलून माझ्या तळहाताशी यायची. आली नाही. मी एकेक मेंढीचा कान धरून बघितला. मग परत बघितला. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "आता काय पोरी? माल कवाच गेला फुडं."

मोठ्या माणसाला हे हसू येण्यासारखं वाटेल. तिकडं माणसं बंदुका घेऊन उभी आहेत, आणि ही पोर मेंढीपायी रडतेय! पण माझ्या डोक्यात एकच चक्र फिरायला लागलं. आबांची रीत मोडली. इलियासची मेंढी कापली गेली, तीही माझ्या हातानं. आता तो अण्णांची वाट कशाला मोकळी ठेवेल? माझा बाप मी मारला, असंच मला वाटलं. आणि हे सांगण्याची छाती नव्हती. मग मी जे केलं ते लिहायला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा रानात असताना मागं राहिलेल्या एका काळ्या तोंडाच्या मेंढीला मी गुडघ्यात दाबलं आणि आबांच्या चाकूनं तिच्या डाव्या कानाला दोन खाचा मारल्या. ती ओरडली, मीही ओरडले. कानाला हळद लावली, चाकू धुऊन होता तिथं ठेवला आणि मूग गिळून बसले. त्या रात्री आबा माझ्याकडं दोनदा बघून काहीतरी बोलणार असं वाटलं, पण ते भाकरी मोडत राहिले.

दोन दिवसांनी, दुपारी चार वाजता, फोन आला. आई पुन्हा पुण्याला गेली होती, आबा वाड्याच्या पलीकडच्या टोकाला पाणी भरत होते. इलियासचा व्हिडिओ कॉल. त्याचा चेहरा धुळीनं पांढरा झालेला, मागं रस्त्यावर आडवे लावलेले पत्र्याचे पिंप आणि त्यांच्यामागं बंदूकवाली माणसं. तो भराभर इंग्रजीत बोलला. तुझे वडील जिवंत आहेत. बंदराजवळच्या गोदामात त्यांचे लोक आहेत, दोन जखमी आहेत, त्यांना जहाजापर्यंत न्यायचंय. हा रस्ता आतल्या मुलखातल्या माणसांनी अडवलाय. मीच शिकवलेली पोरं आहेत. त्यांना कुणीतरी सांगितलंय की तुमचे लोक बंदर बळकावायला आलेत, मालक व्हायला आलेत. मी त्यांना म्हटलं, मालक कशाचे, माझी मेंढी त्यांच्या घरच्या कळपात आहे. तर यांचा म्हातारा सार्जंट म्हणतो, दाखव. नेटवर्क आत्ताच आलंय, किती वेळ राहील माहीत नाही. शीतल, मेंढी दाखव.

मी धावत वाड्यात गेले, ती कान कापलेली मेंढी धरली आणि तिचं डोकं फोनसमोर केलं. तिकडं एक सुरकुतलेला काळा चेहरा पडद्याजवळ आला. पांढरी खुरटी दाढी, डोळे अगदी आबांसारखे बारीक केलेले. त्यानं बघितलं. मग तो काहीतरी एकच वाक्य बोलला आणि मागची माणसं गप्प झाली. इलियासचा चेहरा उतरला. तो हळू म्हणाला, "म्हातारा म्हणतो, ही जखम या आठवड्यातली आहे."

मी तिथंच लेंड्यांत बसले. अण्णा गेले, आता गेले, असं डोक्यात घण पडत होते. तेवढ्यात माझ्या हातातून फोन कुणीतरी काढून घेतला. आबा. त्यांनी फोन उलटा धरला होता, मी तो सरळ करून दिला. आबा पडद्यातल्या म्हाताऱ्याला मराठीतच म्हणाले, "राम राम पाव्हनं. खरं हाय तुमचं." मग माझ्याकडं वळले, "सांग त्यांना."

"काय सांगू आबा?"

"जे केलंयस ते."

"तुमाला ठाऊक हाय?"

"मेंढरं राखून जलम गेला माजा. मला ठाऊक न्हाई व्हय? तू सांगशील म्हनून थांबलो हुतो. आता सांग, मी बोलतुया ते बी सांग. शब्द गाळू नको."

मी पुढं आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. हजारभर पोरांना तरी भाषांतर करायला लावलं असेल. पण तेवढं अवघड भाषांतर कुठल्या पेपरात आलं नाही. आबा म्हणाले, "नातीनं माज्या चुकून तुमची मेंढी इकली." मी सांगितलं. "मंग भ्याली आन् दुसरीचा कान कापला. फसवाया." इथं माझी जीभ अडकली. आबांनी माझ्या पाठीत बोट रुतवलं. मी सांगितलं. फसवण्यासाठी केलं, मी केलं, असं सांगितलं. "घरात चूक झाली तर धनी म्हनून ती माजी. तवाच कळवाया पायजे हुतं, कळवलं न्हाई, ह्ये बी माजंच चुकलं." इलियास प्रत्येक वाक्य आपल्या भाषेत म्हाताऱ्याला सांगत होता. म्हाताऱ्याचे डोळे माझ्यावरून आबांवर, आबांवरून माझ्यावर. मग त्यानं विचारलं, आता काय देणार?

आबांनी शीळ घातली. पाटलीण घाट वाजवत आली. आबांनी तिच्या मानेभोवती हात टाकला आणि ती उभी राहिली. "अहो आबा, पाटलीण नको!" असं मी म्हटलंसुद्धा. त्यांनी ऐकलं नाही. कनवटीचा चाकू काढला, तिचा डावा कान बोटांत ताणून धरला आणि फोनसमोर दोन खाचा मारल्या. एक, दोन. ती हलली नाही. रक्त त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. "म्हना त्यांना, कळपाची म्होरकीच तुमची. आता ही फुडं चालंल आन् आमी हिच्या मागं." मी ते सांगायला लागले, अर्ध्यापर्यंत पोचले आणि पडदा काळा झाला. नेटवर्क गेलं. पाटलीणीबद्दलचं शेवटचं वाक्य त्यांच्यापर्यंत गेलं की नाही, ते मला कळलं नाही.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते विचारू नका. संध्याकाळी आई आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं एक सणसणीत कानाखाली दिली आणि मग मला इतकं घट्ट धरलं की तिचं मंगळसूत्र माझ्या गालात रुतलं. कुणी चूल नीट पेटवली नाही. आबा घोंगडी टाकून वाड्यातच झोपत. पायलिंगचं मशीन धप धप करत राही आणि प्रत्येक धप्प्याला मला वाटे, तिकडं गोळी सुटली. तिसऱ्या दिवशी आई भात वाढत असताना फोन वाजला. आईनं उचलला, कानाला लावला आणि पळी हातात तशीच धरून खाली बसली. मी फोन तिच्या हातातून घेऊन स्पीकर चालू केला. स्पीकरवरून अण्णांचा आवाज आला, पाठीमागं जहाजाची घरघर, "मंदा, अगं मी बोलतोय. बोल की काहीतरी." जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आबा उठून बाहेर गेले. ते परत आले तेव्हा त्यांचं तोंड ओलं होतं आणि ते म्हणाले, "पानी मारून आलो तोंडावर. लई उकडतंय."

घरी आल्यावर अण्णांनी सांगितलं. त्या दुपारी गोदामाबाहेर आरडाओरडा चालला होता, मग शांतता झाली, आणि त्यांनी फटीतून बघितलं तर तो म्हातारा सार्जंट स्वतःच्या हातानं पिंप ढकलत होता. ट्रक निघाला तेव्हा तो ट्रकच्या पुढं चालत राहिला, बंदूक पाठीला उलटी टांगून, थेट धक्क्यापर्यंत. दोन ठिकाणी पोरांनी बंदुका रोखल्या, दोन्ही ठिकाणी त्यानं नुसता हात वर केला. एक गोळी सुटली नाही. अण्णांना त्याचं कारण माहीत नव्हतं. आबांनी त्यांना वाड्यात नेऊन पाटलीणीचा कान दाखवला. इलियास मात्र जहाजावर चढला नाही. अण्णांनी त्याला ओढलं होतं, तर म्हणाला, दोन्हीकडची पोरं माझी आहेत, मी गेलो तर ती उद्याच एकमेकांवर सुटतील. धक्क्यावर तो आणि म्हातारा शेजारी शेजारी उभे होते, असं अण्णा सांगायचे, आणि हे सांगताना दर वेळी मध्येच उठून पाणी प्यायला जायचे.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. अण्णांनी पत्रं लिहिली, ऑफिसांतून चौकशी केली. कुणी म्हणालं, आहे. कुणी म्हणालं, नाही. आबा गेले, पाटलीण गेली, अण्णाही गेले. वाड्याच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात आणि कासारसाईची वाट कधीच बुजली. माझ्या मुलानं कळप विकायला काढला तेव्हा मी पाटलीणीच्या वंशातल्या तेवढ्या मेंढ्या बाजूला काढून घरामागं बांधल्या. त्या विकता येत नाहीत, आपल्या नाहीत, एवढंच त्याला सांगितलं. दर नव्या मादी कोकराच्या डाव्या कानाला मी स्वतः दोन खाचा मारते. जखम सुकेपर्यंत थांबते, मग फोटो काढून त्या जुन्या नंबरवर पाठवते. समोर एकच टिक येते, दुसरी कधी येत नाही. फोटोखाली मी दर वेळी तेच लिहिते: ही तुमचीच आहे. कान जवळून बघून घ्या. चूक झाली तर या वेळी मी आधी सांगेन.